दोन बाइटची बचत आणि एक ‘नो’

शुक्रवारची संध्याकाळ. कंपायलरवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीबरोबर कॉफीचा प्लॅन होता, पण मॅडम लॅपटॉपमधून मान वर काढायला तयार नाहीत! तिच्या सीनियरचा पॅच रिव्ह्यूला आलेला. सगळ्या टेस्ट पास. फक्त हिचं ‘ओके’ बाकी.

‘‘मग दे ना!’’

‘‘अगं, हा स्टॅक बिघडवतोय.’’

प्रकरण असं. कंपायलर म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर रजिस्टरमध्ये १ हा आकडा टाकायला साध्या ‘मूव्ह’ला ५ बाइट लागतात. तोच आकडा स्टॅकवर ‘पुश’ करून लगेच ‘पॉप’ केला, तर ३ बाइटमध्ये काम होतं. दोन बाइट खिशात!

गोची पुढेच आहे. लिनक्सवर स्टॅकच्या टोकापलीकडचे १२८ बाइट ‘रेड झोन’ म्हणून राखीव असतात. दुसऱ्या कुठल्याही फंक्शनला न बोलावणारं छोटं फंक्शन स्टॅक पॉइंटर न हलवता तिथं आपला डेटा ठेवू शकतं. एसटीत रुमाल न टाकताही सीट आपलीच, तसं. पुश नेमका तिथंच येऊन बसतो आणि ८ बाइट व्यापतो. पॉप झाल्यावर उठतो खरा, पण सीटवरचा तुमचा डबा तोवर चेपलेला असतो! प्रोग्रॅम क्रॅश झाला तर नशीब. नाहीतर तो गुपचूप चुकीचं उत्तर देत राहतो आणि प्रोग्रॅमर बिचारा आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

‘‘पण टेस्ट तर पास झाल्यात ना?’’

‘‘त्यातलं एकही फंक्शन रेड झोन वापरत नव्हतं.’’ तिनं एक छोटं फंक्शन लिहून दाखवलं. आत ठेवले ७, परत वाचले तर १!

तेवढ्यात सीनियरचा फोन आला. ‘‘सर, आत्ता ओके नाही देता येणार,’’ ती शांतपणे म्हणाली. नुसता नकार नाही, उपायही दिला : फंक्शन रेड झोन वापरत असेल, तर ही ट्रिक बंद, सरळ मूव्ह वापरा. ‘क्लँग’ या प्रसिद्ध कंपायलरमध्ये हीच खबरदारी घेतलेली आहे. तासाभरात सुधारलेला पॅच आला. कॉफी मात्र गार झाली.

तुमच्याही इनबॉक्समध्ये कुणाचं तरी काम फक्त ‘ओके’साठी थांबलं असेल. देऊन टाकण्याआधी एकदा बघा… सीटवर कुणाचा डबा तर नाही ना?