कोर्टाची किल्ली कुणाकडे?

व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या टेनिसपटू बहिणींच्या वडिलांवरचा ‘किंग रिचर्ड’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला आणि विल स्मिथला ऑस्कर मिळवून देऊन गेला. तेव्हापासून टेनिसचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘बघा, काय होतं त्यांच्याकडे? बापानं जिद्दीनं पोरींना विम्बल्डनपर्यंत नेलंच ना!’’ गरीब वस्तीतली मुलं आणि टेनिस याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती या एका वाक्यात सापडतात. अमेरिकेतल्या शहरांच्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये हा खेळ नेण्याची खटपट गेली ऐंशी-नव्वद वर्षं चालू आहे. तिचं यश आणि अपयश दोन्ही उघड्यावर आहे, म्हणून उदाहरणं बहुतेक तिकडचीच घेतो.

‘जिद्द असली की झालं’

व्हीनस आणि सेरेना कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर शिकल्या हे खरं. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं हे गाव तेव्हा टोळ्यांच्या मारामाऱ्यांसाठी बदनाम होतं, हेही खरं. पण १९९१ मध्ये विल्यम्स कुटुंबानं कॉम्प्टन सोडलं आणि रिक मॅची या प्रशिक्षकाच्या टेनिस अकादमीसाठी फ्लोरिडाला बिऱ्हाड हलवलं. व्हीनस तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, सेरेना तिच्याहून सव्वा वर्षानं लहान. चित्रपटात हे सगळं दाखवलेलं आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र तडे गेलेलं कोर्ट आणि जुने चेंडू तेवढे राहतात.

याहून बोलकी गोष्ट अल्थिया गिब्सनची. विम्बल्डन जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तेही लागोपाठ दोनदा, १९५७ आणि १९५८ मध्ये. वाढली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १४३व्या रस्त्यावर. पोलिसांनी मुलांसाठी चालवलेली एक क्रीडा संघटना तेव्हा काही रस्ते दिवसा वाहनांना बंद करून खेळायला मोकळे ठेवायची. अल्थियाच्या घरासमोरचा रस्ता त्यातलाच एक. तिथे डांबरावरच पॅडल टेनिस चाले. त्यातली बॅट सबंध लाकडी, तिला तारा नसतात, त्यामुळे गटिंग तुटायची भीती नाही. शाळा बुडवणाऱ्या, हाणामारीला मागेपुढे न पाहणाऱ्या या पोरीनं बघता बघता तिथे सगळ्यांना हरवायला सुरुवात केली. त्या रस्त्यावर मुलांवर लक्ष ठेवायला बडी वॉकर नावाचा एक वादक होता. त्यानं ते हेरलं आणि स्वतःच्या पैशानं तिला जुनी रॅकेट आणून दिली.

इथून पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. हार्लेममधल्या कॉस्मोपॉलिटन या कृष्णवर्णीयांच्या टेनिस क्लबनं तिला घेतलं आणि सभासदांनी वर्गणी काढून तिची फी भरली. तिथे तिला शिकवणारे फ्रेड जॉन्सन एका हातानं खेळायचे. त्यांचा दुसरा हात गेलेला होता. पुढे ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दक्षिणेकडच्या दोन डॉक्टरांनी तिला आपापल्या घरी ठेवून घेतलं. शाळेचं वर्ष एकाकडे, उन्हाळा दुसऱ्याकडे, आणि दोघांच्याही आवारात कोर्ट. रस्ता अडवणारे पोलीस, रॅकेट आणणारा वादक, वर्गणी काढणारे सभासद, प्रशिक्षक, दोन डॉक्टर: एवढी माणसं लागली. अल्थियाची जिद्द दांडगी होती यात वाद नाही. पण ‘एकटीच्या हिमतीवर’ हे शब्द तिला लावणं म्हणजे या सगळ्यांना पुसून टाकणं आहे.

आता आणखी दोन नावं शेजारी ठेवून बघा. आर्थर अ‍ॅशचा जन्म १९४३ चा, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. त्याचे वडील ब्रूक फील्ड या कृष्णवर्णीयांसाठीच्या अठरा एकरांच्या उद्यानाचे रखवालदार. बिऱ्हाड उद्यानातच होतं आणि टेनिस कोर्ट दारातून दिसायचं. दुसरा फ्रान्सिस टियाफो, १९९८ चा. त्याचे वडील सिएरा लिओनहून आलेले. मेरीलँडमध्ये कॉलेज पार्क इथं एक मोठं टेनिस केंद्र उभं राहत होतं, तेव्हा ते बांधकामावर मजूर होते. केंद्र झाल्यावर तिथेच देखभालीचं काम मिळालं आणि राहायला एक रिकामी कचेरीची खोली. फ्रान्सिस आणि त्याचा जुळा भाऊ आठवड्यातल्या बहुतेक रात्री त्या खोलीत झोपायचे. अ‍ॅशनं १९६८ मध्ये यूएस ओपन आणि १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकलं. टियाफोनं २०२२ च्या यूएस ओपनमध्ये नदालला घरी पाठवलं आणि उपान्त्य फेरी गाठली.

एक रखवालदाराचा मुलगा, एक देखभालवाल्याचा. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या जिमखान्यांतही मार्करची नाहीतर माळ्याची पोरं सभासदांच्या मुलांना पुरून उरतात ती याच कारणानं. सभासदाचा मुलगा तासभर येतो आणि शिकवणीला पळतो. यांचा सगळा दिवस तिथेच जातो. दोन सामन्यांमधली दहा मिनिटं, दुपारच्या उन्हात ओस पडलेलं कोर्ट, सरावाची भिंत, हे सगळं फुकट असतं आणि यांच्या वाट्याला येतं. वस्तीतल्या मुलाकडे नसतात ते हे फुकटचे तास. रॅकेट त्या मानानं लवकर मिळते.

‘हा मुळातच श्रीमंतांचा खेळ’

तसं असतं तर राल्फ बंच यांना अडचण यायला नको होती. संयुक्त राष्ट्रांत मोठ्या हुद्द्यावर, १९५० च्या शांततेच्या नोबेलचे मानकरी. १९५९ मध्ये त्यांनी मुलासाठी न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधल्या वेस्ट साइड टेनिस क्लबात चौकशी केली. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा याच क्लबच्या हिरवळीवर व्हायची. क्लबच्या अध्यक्षांनी सांगितलं, आम्ही कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना घेत नाही. वर्तमानपत्रांत बोंब झाल्यावर त्या अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली, ही गोष्ट वेगळी. पैसा होता, प्रतिष्ठा होती, नोबेल होतं, तरी गेट उघडलं नाही. तेव्हा खेळ श्रीमंतांचा म्हणण्यापेक्षा तो कुंपणाआडच्यांचा होता, असं म्हणणं जास्त बरोबर. आणि कुंपण माणसांनी घातलेलं असतं.

ते हलवताही येतं. १९७८ मध्ये यूएस ओपन फॉरेस्ट हिल्समधून उठून क्वीन्समधल्याच फ्लशिंग मेडोज या उद्यानात गेली. ती जागा न्यूयॉर्क शहराची. स्पर्धेचा काळ सोडला तर तिथली कोर्टं कुणालाही भाड्यानं घेता येतात. भाडं काही किरकोळ नाही, पण ‘कुणाची ओळख आहे का’ असं तिथे विचारत नाहीत. वॉशिंग्टनमध्ये तर हे अ‍ॅशनं अट घालूनच करवून घेतलं. १९६९ मध्ये डोनाल्ड डेल तिथे नवी स्पर्धा सुरू करायच्या खटपटीत होते. अ‍ॅशनं सांगितलं, मी खेळेन, पण स्पर्धा सार्वजनिक उद्यानात व्हायला हवी, जिथे कृष्णवर्णीय शेजारी चालत येऊ शकतील. रॉक क्रीक पार्कमध्ये ती आजही भरते.

‘रॅकेटी वाटल्या की काम झालं’

देणगीदारांना रॅकेटी वाटायला आवडतात, कारण फोटो छान येतो. पण रॅकेट हा टेनिसमधला एकदाच करायचा खर्च. खरा खर्च झिजणाऱ्या वस्तूंचा, आणि त्यात पहिला नंबर चेंडूचा. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून टाकलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. ही उसळी आत भरलेल्या हवेच्या दाबामुळे येते, आणि डबा फोडल्यापासून तो दाब उतरायला लागतो. चांगल्या पातळीवर खेळणारी मुलं दोन-चार दिवसांत चेंडू बाद करतात. हे बाद चेंडू आपल्याकडे कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात टेनिसचा चेंडू गल्लीबोळात, वाड्यावस्त्यांवर सगळीकडे पोचला, पण क्रिकेटचा म्हणून. रॅकेटीला न लागताच त्याचं आयुष्य संपतं.

चेंडूनंतर गटिंग, बूट, कोर्टाचं भाडं, प्रशिक्षक, आणि मूल बरं खेळायला लागलं की प्रवास. गंमत अशी की मूल जितकं चांगलं खेळेल तितका खर्च वाढतो. जिल्ह्याच्या स्पर्धेला एस.टी.नं जाता येतं. मानांकनासाठी मात्र गावोगाव, मग देशोदेशी फिरावं लागतं. व्यावसायिक झाल्यावर तरी सुटका होते का? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१३ च्या हंगामावरून हिशेब काढला होता. खर्च आणि बक्षिसांची तोंडमिळवणी व्हायला पुरुषांत जगात ३३६वा आणि महिलांत २५३वा क्रमांक तरी हवा, असं त्यातून निघालं. त्यात प्रशिक्षकाचा पगार धरलेलाच नव्हता. वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या आईबापांना ‘याला टेनिसमध्येच पुढे घाला’ असा सल्ला देणाऱ्यानं आधी हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत.

‘पूर्ण कोर्टाशिवाय काय टेनिस?’

हा गैरसमज निस्तरायला सगळ्यात सोपा. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. आठ वर्षांच्या मुलाला तिथे उभं केलं की चेंडू डोक्यावरून जातो आणि मूल कंटाळून घरी जातं. महासंघानं २००७ पासून लहान मुलांसाठी मंद चेंडूंचा पुरस्कार चालवला आहे. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट जेमतेम ११ मीटर लांब, म्हणजे मोठ्या कोर्टावर आडवी अशी चार सहज बसतात. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला बंदीच आहे. शाळेचा फरसबंद चौक, सोसायटीची पार्किंगची जागा, दोन खांबांना बांधलेली दोरी, एवढ्यावर काम भागतं. हार्लेमच्या डांबरी रस्त्यावर तरी दुसरं काय होतं?

‘कोर्ट बांधा, मुलं आपोआप येतील’

येत नाहीत. कोर्ट बांधतात, फीत कापतात, पुढच्या वर्षी नेट फाटतं, मग कुणीतरी कुलूप लावतं आणि किल्ली नेमकी कुणाकडे आहे याचा पत्ता लागत नाही. हे तिकडेही होतं.

१९६९ मध्ये अ‍ॅश, त्याचा मित्र चार्ली पासारेल आणि शेरिडन स्नायडर यांनी नॅशनल ज्युनिअर टेनिस लीग काढली, ती हे ओळखूनच. रांगेत उभं करून महिना महिना फोरहँड घोटवायचा, हा क्लबचा शिरस्ता त्यांनी मोडला. पहिल्या दिवसापासून संघ पाडायचे, सामने लावायचे, ओरडायची मुभा द्यायची. तंत्र मागाहून. बास्केटबॉलवर वाढलेली वस्तीतली मुलं अशानं टिकली. आज त्या जाळ्यात अडीचशेहून जास्त स्थानिक संस्था आहेत आणि नावातल्या ‘लीग’च्या जागी ‘लर्निंग’ आलं आहे, कारण मुलं टिकायची तर खेळाला अभ्यासाची जोड हवी, हे एव्हाना सगळ्यांना पटलं आहे. हार्लेममधला असाच एक उपक्रम कित्येक वर्षं लष्कराच्या एका जुन्या कवायत-हॉलात चालला. पुढे जागतिक क्रमवारीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलेला जेम्स ब्लेक लहानपणी तिथे यायचा. त्याचे आईवडील तिथेच विनामूल्य काम करायचे.

ब्रिटननं अलीकडे सरकार आणि टेनिस संघटना मिळून सुमारे ३ कोटी पौंड उद्यानांतल्या जुन्या कोर्टांच्या दुरुस्तीवर घातले. पण नुसत्या दुरुस्तीवर न थांबता आठवड्याचं फुकट सत्र सुरू केलं, रॅकेट आणि चेंडू तिथेच मिळतील अशी सोय केली. सिमेंटपेक्षा मला या फुकट सत्राचं महत्त्व जास्त वाटतं. ते घ्यायला ठरल्या वेळी एक माणूस हजर असावाच लागतो.

‘मग यातून चॅम्पियन किती निघाले?’

हा प्रश्न विचारला की प्रत्येक उपक्रम नापास होतो. स्वतः अ‍ॅशनंच तो निकष नाकारला होता. १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यानं कृष्णवर्णीय आईबापांना जाहीर पत्र लिहिलं. आशय असा, की मुलांना मैदानापेक्षा वाचनालयात जास्त पाठवा, कारण व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता नगण्य आहे. विम्बल्डन जिंकून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्यानं हे लिहिलं. मुलांना फसवायचं नाही, हा त्याचा बाणा.

कॅटरिना अ‍ॅडम्स यांचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. शिकागोच्या पश्चिम भागातल्या मुलांच्या एका क्लबात त्यांनी सहाव्या वर्षी रॅकेट धरली. व्यावसायिक टेनिस खेळल्या, पण एकेरीत ग्रँड स्लॅम काही जिंकलं नाही. नंतर हार्लेमच्या उपक्रमाचं काम त्यांनी सांभाळलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. चॅम्पियनांच्या यादीत हे बसत नाही. पण कोर्टांवर पैसा कुठे आणि किती जायचा, हे ठरणाऱ्या खोलीत त्या पोचल्या.

तुमच्या शहरात असा एखादा उपक्रम बघायला गेलात तर करंडकांच्या कपाटापाशी फार रेंगाळू नका. हजेरीची वही मागा. गेल्या वर्षीची किती मुलं यंदा येतात, त्यात मुली किती, पावसाळ्यात वर्ग कुठे भरतो, प्रशिक्षकाचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, आणि सुट्टीच्या दुपारी दोन पोरं आली तर गेट उघडायला कोण असतं, एवढं विचारा.