मुंबईच्या सागवानाची ‘ट्रिंकोमाली’

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात तीन डोलकाठ्यांची एक जुनी युद्धनौका पाण्यावर उभी आहे. तिच्या नाळेवर फेटा बांधलेल्या माणसाचा लाकडी पुतळा आहे. ‘ट्रिंकोमाली’ हे नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, पण जन्म मुंबईच्या गोदीतला.

मुंबईतच का?

नेपोलियनशी चाललेल्या लढायांत ब्रिटनला जहाजांसाठी ओकचं लाकूड पुरेना. मुंबईत मलबारचं सागवान येत होतं आणि त्याची नस ओळखणारं वाडियांचं पारशी घराणं पिढ्यानपिढ्या जहाजं बांधत होतं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातलं तेल मात्र लोखंडाला सांभाळतं आणि लाकूडही सहसा कुजू देत नाही. या नौकेच्या दीर्घायुष्याचं खरं कारण मला तरी हेच वाटतं.

नकाशे गेले, नौका रखडली

मागणी नोंदली गेली १८१२ मध्ये. बांधणीचे नकाशे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवरून मुंबईकडे निघाले, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली, तेव्हा नेपोलियनला हरवणारी वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षं उलटली होती.

बिनलढाईचं आयुष्य

१८१९ मध्ये ती पोर्ट्‌समथला पोहोचली. युद्ध संपलेलं, म्हणून पंचवीसेक वर्षं नुसती नांगरून ठेवलेली. पुढे तोफा कमी करून तिला वेस्ट इंडीज आणि नंतर पॅसिफिकमध्ये धाडलं. मोठी लढाई तिच्या वाट्याला कधीच आली नाही. मग ती नौसैनिकांच्या प्रशिक्षणाला दिली गेली.

मोडीतून परत

१८९७ मध्ये ती मोडीत विकली गेली. व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती सोडवली, ‘फूद्रॉयां’ असं नवं नाव दिलं आणि मुलांना दर्यावर्दी जीवन शिकवण्यासाठी वापरली. हे काम १९८६ पर्यंत चाललं. पुढच्याच वर्षी ती हार्टलपूलला आली. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं आणि २००१ पर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली.

‘व्हिक्टरी’ ही दुसरी ब्रिटिश युद्धनौका वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत आहे. आजही पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मुंबईत बांधलेली ही ‘ट्रिंकोमाली’च.