लाइट गेली, फिशटँकचं काय?

मालेगावात लाइट गेली की यंत्रमागांची खटखट थांबते आणि घरातल्या फिशटँकचा पंपही. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७च्याही आत. त्यात मासे दाटीने ठेवलेले असतील (आणि बहुतेक घरांत ते असतातच), तर लवकरच वर येऊन तोंडाची उघडमीट सुरू करतात. गोल्डफिशला आधी त्रास होतो. फायटर आणि गुरामी थेट हवेतून श्वास घेतात, त्यांची फार चिंता नको.

मोठा इन्व्हर्टर लागतोच असं नाही. पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप पुरतो. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. पंपच नसेल तर टँकमधलंच पाणी मगने उचलून वरून सोडत राहा. खाद्य मात्र टाकू नका.

लाइट आल्यावर घाई नको. डबाबंद फिल्टर बरेच तास थांबला की आतले उपयोगी जिवाणू गुदमरतात, पाणी कुजतं. ते ओतून द्या, स्पंज टँकच्याच मगभर पाण्यात खळबळून घ्या, मग बटण दाबा.