तेलाचा काटा

समुद्रात चालणाऱ्या बोटीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट कशालाही टेकलेला नसतो. मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेणारा, वरून पिस्टनचे धक्के खाणारा तो जड पोलादी दांडा बेअरिंगच्या आत तेलावर अधांतरी फिरत असतो. त्या तेलाची जाडी जिथे सर्वांत कमी, तिथे ती काही मायक्रॉनच भरते. ते तेल आटलं तर दांडा आणि बेअरिंग एकमेकांना घासून जायला फार वेळ लागत नाही. आत सगळं ठीक आहे का, हे तांडेलाने ओळखायचं ते केबिनमधल्या एका काट्यावरून. काट्याला बातमी पुरवतो तो इंजिनाच्या अंगात आटे पिळून बसवलेला, मुठीत मावणारा डबा, म्हणजे ऑइल प्रेशर सेंडर. तो बिघडला आणि इंजिन कंपनीच्या खोक्यातलाच नवा मागवला, की किंमत ऐकून मालक गप्प होतो.

किमतीकडे वळण्याआधी काटा नेमकं काय मोजतो ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी, की पंप तेल दाबतो आणि त्या दाबाने दांडा उचलला जातो. तसं होत नाही. १८८३ साली बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दांड्याची खालची बाजू तेलात बुडालेली, बेअरिंग वरून टेकवलेलं, पंप कुठेच नाही. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर उलट तेलच तिथून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत बाहेर आली. शेवटी तिथे २०० पौंडांपर्यंतचा दाब दाखवणारा गेज लावला, तर काटा आकडे संपवून पलीकडे गेला. बेअरिंगवरचा भार मात्र सरासरी चौरस इंचाला १०० पौंडच होता.

कोडं सोडवलं मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने, १८८६ साली. फिरता दांडा तेलाला चिकटवून ओढतो, निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, आणि त्या कोंबण्यातूनच दाब जन्माला येतो. दांड्याला उचलून धरणारा दाब दांडा स्वतःच तयार करतो! आजच्या डिझेल इंजिनाच्या बेअरिंगमध्ये तो शेकडो बारपर्यंत चढतो. आपला काटा दाखवतो तीन-चार बार. पंपाचं काम एवढंच, की फटीतून निसटलेल्या तेलाच्या जागी नवं तेल पोचवत राहायचं.

मग तीन-चार बारना अर्थ काय? इथे मला खरी गंमत वाटते. दातेरी चाकांचा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो. दाब उभा राहतो तो त्या तेलाच्या वाटेत अडथळा असल्यामुळे, आणि मोठा अडथळा बेअरिंगच्या अरुंद फटींचाच. फटीतून निसटणारं तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. झिजून फट दुप्पट झाली, की त्याच दाबाला आठपट तेल निसटणार. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी झीज काट्यावर ठळक उमटते. तापलेलं तेलही असंच निसटतं. १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या सातव्या हिश्श्याइतकंच १०० अंशांवर उरतं. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना चढलेला काटा दुपारी संथ फेऱ्यांवर एका बारपाशी आला, तर लगेच घाबरू नये. इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पाहावा.

आता तो डबा. आत एक पातळ पडदा असतो. तेल त्याला ढकलतं, पडदा एक पट्टी सरकवतो, पट्टी तारेच्या वेटोळ्यावर घसरते आणि विजेला होणारा रोध बदलतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असे. बस, एवढंच! कंपनीच्या खोक्यातही हेच असतं, आणि कितीदा तर तो सेंडर इंजिन कंपनीने दुसऱ्याकडूनच बनवून घेतलेला असतो. त्यावर कोरलेले आकडे वाचता आले तर खोक्याचे पैसे वाचतात.

वाचायचं मुख्यतः रोधाबद्दल. युरोपी पद्धतीत, म्हणजे व्हीडीओ कंपनीच्या सेंडरमध्ये, शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास. अमेरिकी पद्धत उलटी: शून्याला २४०, पूर्णाला ३३. मीटर एकीचा आणि सेंडर दुसरीचा लावला, तर बंद इंजिनावर काटा भरगच्च दाब दाखवेल आणि इंजिन सुरू झालं की खाली येईल. यातून आणखी एक गोष्ट निघते. वायर तुटली, तर अमेरिकी मीटर शून्य दाखवून उगाच घाबरवतो, युरोपी मीटर मात्र पूर्ण दाब दाखवून निर्धास्त करतो. मला घाबरवणारा परवडला. पूर्ण दाब किती बारचा, पाच की दहा, हेही जुळायला हवं. काही सेंडरमध्ये भोंग्यासाठी वेगळा संपर्क असतो, त्याला दोन टोकं असतात. ते न पाहता एका टोकाचा स्वस्त सेंडर आणला, तर भोंगा कायमचा मुका.

मग आटे. जपानी इंजिनांवर बहुधा १/८ इंच मापाचे बीएसपी आटे असतात, अमेरिकी इंजिनांवर त्याच नावाच्या मापाचे एनपीटी. इंचाला एकीकडे २८, दुसरीकडे २७. हाताने एक-दोन फेरे छान बसतात, मग अडतं, आणि पाना लावून जोर केला की इंजिनातले आटे जातात. युरोपी इंजिनांवर १० मिलिमीटरचे आटेही सापडतात. जुना सेंडर दुकानात सोबत न्यावा.

पण सेंडर घेण्याआधी तोच दोषी आहे याची खात्री करावी. इंजिन बंद करून सेंडर काढावा, थोडं तेल ओघळेल, आणि त्याच भोकात विजेशिवाय चालणारा गेज लावून इंजिन चालवून पाहावं. वाकडी चपटी नळी दाबाने सरळ होऊ पाहते, या तत्त्वावरचा हा गेज. पॅरिसच्या युजेन बुर्दाँने १८४९ साली त्याचं पेटंट घेतलं. तोही कमी दाब दाखवत असेल तर सेंडर निर्दोष आहे, खर्च बेअरिंगकडे, पंपाकडे किंवा तेलाकडे वळवावा. कोकणात मासेमारीबंदी १ जूनला लागली आणि बोटी किनाऱ्यावर शाकारल्या, की असलं काम निवांत होतं. पण ही तपासणी त्याआधी, बोट पाण्यात आणि इंजिन तापलेलं असताना उरकावी.

बसवताना टेफ्लॉन टेप बेताचा, पहिला आटा मोकळा ठेवून. टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत जाऊ नये, आणि एका वायरचा सेंडर आट्यांतूनच अर्थिंग घेतो, जाड टेपने तीही कमकुवत होऊ शकते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीत मात्र अर्थिंग वेगळ्या वायरने नेणारा सेंडर असेल तर तसाच घ्यावा, नाहीतर गंजाला वाट मिळते.

गेज आणि सेंडर दोन्ही हवेत म्हणून पितळेचा टी-जोड लावून त्यावर हा जड डबा लोंबकळत ठेवण्याचा मोह होतो. इंजिनाच्या थरथरीने टीची मान चिरते, आणि मग तोच पंप सगळं तेल इमानेइतबारे बोटीच्या तळात ओततो. त्यापेक्षा इंजिनापासून लवचिक नळी काढून सेंडर शेजारच्या भिंतीवर कसावा. नळीचे पैसे खोक्याच्या वाचलेल्या पैशांतून निघतात.