एकतिशीच्या आत

अमेरिकेत हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं असेल, तर वयाची एकतीस वर्षं पूर्ण होण्याआधी अर्ज करावा लागतो. 1972 च्या कायद्याने या वयोमर्यादेचा पाया घातला आणि छपन्नाव्या वर्षी सक्तीची निवृत्तीही ठरवली. लष्करात किंवा अन्यत्र हे काम आधी केलेल्यांना सवलत मिळते, बाकीच्यांना नाही. रडारच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक विमानं सांभाळणाऱ्याची नजर आणि स्मरणशक्ती तल्लख हवी, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. पण या नोकरीसाठी तरुणांना महाविद्यालयांतून तयार करण्याचा जो उपक्रम तिथे पस्तीसेक वर्षं चालला आहे, त्याची कहाणी ही मर्यादा लक्षात ठेवूनच वाचावी लागते. पदवीत चार वर्षं गेली, भरतीची वाट बघण्यात आणखी दोन-तीन गेली आणि मग सरकारने नियम बदलले, तर दुसऱ्या एखाद्या व्यवसायात माणूस पुन्हा सुरुवात करू शकतो. इथे तेवढी उसंत मिळत नाही.

उपक्रमाचं नाव कॉलेजिएट ट्रेनिंग इनिशिएटिव्ह. सगळे त्याला सीटीआय म्हणतात. फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, ही तिथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा महाविद्यालयांशी करार करते. शिकवायचं महाविद्यालयाने, फी भरायची विद्यार्थ्याने आणि नोकरी द्यायची की नाही हे ठरवायचं एफएएने. या तिसऱ्या कलमातच पुढच्या साऱ्या दुःखाचं बीज होतं.

उपक्रमाची गरज मात्र खरी होती. 3 ऑगस्ट 1981 रोजी पॅटको या संघटनेचे सुमारे 13,000 नियंत्रक संपावर गेले. पगार, कामाचे तास आणि जुनाट यंत्रसामग्री या त्यांच्या तक्रारी होत्या. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी 48 तासांची मुदत दिली आणि 5 ऑगस्टला 11,000 हून अधिक लोकांना बडतर्फ केलं. त्यांना पुन्हा या नोकरीत येण्याची बंदी 1993 पर्यंत टिकली. पर्यवेक्षक, लष्करी नियंत्रक आणि संपात न उतरलेले कर्मचारी यांच्यावर आकाश कसंबसं तगलं. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या अकादमीत नव्या उमेदवारांच्या तुकड्यांमागून तुकड्या येऊ लागल्या. त्यातले पुष्कळ जण तिथेच गळायचे, आणि प्रत्येक गळतीचा खर्च सरकारच्या माथी बसायचा. शिवाय दोन-चार वर्षांत घाईने भरलेली ही सगळी पिढी जवळपास एकाच वेळी निवृत्तीला येणार, हेही तेव्हाच ठरून गेलं. त्या संपाची चर्चा कामगार चळवळीच्या इतिहासात खूप होते. मला त्याचा हा दुसरा परिणाम तितकाच मोठा वाटतो. एका सकाळी काढून टाकलेल्या माणसांची जागा पुन्हा पुन्हा, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने भरावी लागते.

1990 च्या सुमारास पाच संस्थांना घेऊन प्रयोग सुरू झाला. नॉर्थ डकोटा विद्यापीठ, अलास्का विद्यापीठाचं अँकरेज इथलं केंद्र, पेनसिल्व्हेनियातलं बीव्हर काउंटीचं कम्युनिटी कॉलेज, मिनेसोटातला एक प्रशिक्षण कार्यक्रम आणि व्हर्जिनियातलं हॅम्प्टन विद्यापीठ. यातलं हॅम्प्टन हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी यादवी युद्धानंतर उभं राहिलेलं विद्यापीठ. नियंत्रकांचा पेशा तेव्हा मुख्यतः गोऱ्या पुरुषांचा होता. दार सगळ्यांसाठी उघडायचा विचार पहिल्या पाच नावांतच होता, हे पुढचं वाचताना विसरू नये.

शिकवायचं ते काय? हवामान, हवाई क्षेत्राचे वर्ग, विमानांची जातकुळी, रेडिओवर बोलायची ठरीव भाषा. आणि दोन विमानांमधलं अंतर राखण्याचे नियम: लांबच्या मार्गांवर रडारखाली सर्वसाधारणपणे आडवं 5 सागरी मैल किंवा उभं 1,000 फूट, विमानतळाजवळ आडवं 3 मैलांपर्यंत. हे आकडे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. ताशी आठशे किलोमीटरने येणारी सहा विमानं एकाच बिंदूकडे निघालेली असताना, कुणाला आधी वळवायचं आणि कुणाला खाली आणायचं हे तीन मिनिटं आधी ठरवता येणं ही खरी विद्या. त्यासाठी सिम्युलेटरवर तासन्‌तास बसावं लागतं. रडारशिवायचं नियंत्रणही शिकवतात. पडदा नाही, समोर फक्त कागदाच्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिप्स. त्यांवरच्या वेळा आणि उंची वाचून सारं आकाश डोक्यात मांडायचं. बीव्हर काउंटीत तर याहून पुढची सोय होती. तिथल्या छोट्या विमानतळाच्या टॉवरमध्ये विद्यार्थी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्याखुऱ्या विमानांना परवानग्या देत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने खऱ्या वैमानिकाला धावपट्टीवर उतरायची मुभा द्यायची, यात जो आत्मविश्वास येतो तो कुठल्याही पडद्यासमोर येणार नाही.

एवढं करून पदवीधराला मिळायचं काय? ओक्लाहोमा सिटीच्या अकादमीत जावं लागायचंच. तिथे 'एरो सेंटर' नावाचं एक काल्पनिक हवाई क्षेत्र आहे. त्याचे मार्ग, उंच्या आणि वारंवारता असा सगळा नकाशा उमेदवारांना स्मरणातून काढून दाखवावा लागतो. सीटीआयवाल्यांना सूट मिळायची ती अकादमीच्या सुरुवातीच्या पाच आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमातून. बाकी सगळं पुन्हा. अपवाद मिनेसोटाचा: तिथून उत्तीर्ण झालेले अकादमी टाळून थेट नियंत्रण केंद्रांत रुजू होत. त्या अपवादाकडे कुणी गांभीर्याने पाहिलं असतं, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं वेगळी गेली असती, असं मला वाटतं.

नव्वदीच्या दशकात भरतीच मंदावली. संपानंतर भरलेली पिढी तरुण होती आणि जागा रिकाम्या होत नव्हत्या. पाच संस्थांच्या यादीत भर पडत गेली, पण विद्यार्थी पदवी घेऊन वाट बघत बसत. मग 2005 च्या आसपास एफएएला जाग आली. 1981 नंतरच्या तुकड्या निवृत्तीला आल्या होत्या. दहा वर्षांचा भरती आराखडा निघाला, नव्या महाविद्यालयांना आवतणं गेली आणि सीटीआय संस्थांची संख्या पुढे 36 वर पोचली. महाविद्यालयांनी टॉवर सिम्युलेटर उभारले, निवृत्त नियंत्रकांना शिकवायला आणलं. ज्या सरकारी कागदावर एफएएच्या भागीदारीचा उल्लेख आहे, त्यावर विसंबून आईबापांनी मुलांना तिथे घातलं. यात त्यांची चूक काय होती?

आपल्याकडे याच्या अगदी उलट क्रम आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी घ्यायची, सत्तावीस वर्षांच्या आत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा द्यायची, निवड झाली की मग प्रशिक्षण. ते प्रयागराजला, हैदराबादला किंवा आपल्या गोंदियाच्या संस्थेत होतं आणि त्या काळात उमेदवाराच्या हातात पैसे येत असतात. आपल्या पद्धतीचे दोष अनेक आहेत. भरतीच्या जाहिराती वर्षानुवर्षं निघत नाहीत, निघाल्या की अर्जांचा पूर येतो. पण न निवडला गेलेला मुलगा निदान बी.एस्सी. घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. अमेरिकेतल्या सीटीआयच्या पदवीला गिऱ्हाईक जवळजवळ एकच, आणि ते म्हणजे सरकार.

2013 च्या मार्चमध्ये अमेरिकी संसदेतल्या भांडणातून सरकारी खर्चाला सरसकट कात्री लागली आणि अकादमी बंद पडली. भरती थांबली. सीटीआयचे हजारो पदवीधर 'एटी-सॅट' ही निवड चाचणी उत्तीर्ण होऊन यादीत बसले होते. कुणी अठ्ठावीस वर्षांचं, कुणी एकोणतीस. वर्षअखेरीस, नाताळच्या सुट्टीत, महाविद्यालयांना कळवण्यात आलं की यापुढे सीटीआयवाल्यांसाठी वेगळी यादी राहणार नाही. जुने गुण बाद. फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वांसाठी खुली जाहिरात निघेल. बारावीनंतर काही वर्षं कुठलीही नोकरी केलेला माणूस आणि चार वर्षं हेच शिकलेला पदवीधर एकाच रांगेत उभे राहतील.

रांग एकच, हेही कदाचित सोसलं असतं. पण त्या रांगेच्या तोंडाशी एक नवी प्रश्नावली होती, 'बायोग्राफिकल असेसमेंट'. शाळेत किती खेळ खेळलात, कुठल्या विषयात सर्वांत कमी गुण पडले, असे प्रश्न. उत्तरं घरी बसून, संगणकावर. शेवटी पास किंवा नापास एवढंच. कारण सांगायचं नाही, दाद मागायची सोय नाही. 28,000 हून अधिक अर्ज आले आणि त्यातले शंभरी आठ-नऊच पुढे गेले. वर्षं खर्चून शिकलेले, चाचणीत उत्कृष्ट ठरलेले विद्यार्थी एका संध्याकाळी बाहेर पडले. पुढे न्यायालयीन लढाईतून गुणांकनाची किल्ली बाहेर आली. शाळेत विज्ञानात सर्वांत कमी गुण मिळाल्याचं सांगणाऱ्याला त्या प्रश्नाचे सर्वाधिक, म्हणजे 15 गुण होते.

हे वाचून मी बराच वेळ चक्रावून गेलो होतो. बदलाच्या समर्थनार्थ सांगितलं गेलेलं कारण खोटं नव्हतं. नियंत्रकांमध्ये स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कमी होते आणि ती उणीव भरून काढायलाच हवी होती. पण तिच्यासाठी हॅम्प्टनसारख्या विद्यापीठांत जागा वाढवता आल्या असत्या, गरीब मुलांची फी भरता आली असती, भरतीचे जाहिरात-दौरे काढता आले असते. त्याऐवजी चाळणी अशी लावली की हॅम्प्टनचे स्वतःचे कृष्णवर्णीय पदवीधरही त्याच अंधारात ढकलले गेले. न्यायाच्या नावाने केलेली गोष्ट पारदर्शक नसेल, तर ती सगळ्यांत आधी त्या न्यायाचंच नुकसान करते. अमेरिकेत आज त्या प्रश्नावलीचं नाव घेऊन विविधतेच्या कल्पनेवरच जी टीका होते, तिला दारूगोळा ती प्रश्नावली आणणाऱ्यांनीच पुरवला.

डिसेंबर 2015 मध्ये नाकारल्या गेलेल्या पदवीधरांनी खटला भरला. जुलै 2016 मध्ये संसदेने कायदा करून सीटीआय पदवीधर आणि माजी सैनिकांना त्या प्रश्नावलीतून वगळलं. 2019 च्या अखेरीस झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्याने तिच्यावर सर्वांसाठीच बंदी घातली. तोवर अनेकांची एकतिशी उलटून गेली होती. आणि महाविद्यालयांचं? वर्ग ओस पडले, काहींनी अभ्यासक्रम बंद केले. या ओस पडण्याचा हिशेब कुणी ठेवला नाही याचा मला राग येतो. सिम्युलेटर पुन्हा विकत घेता येतो. वीस वर्षं रडारसमोर काढलेला आणि शिकवण्याची हौस असलेला माणूस एकदा गेला की परत बोलावता येत नाही.

मग 2018-19 चं पस्तीस दिवसांचं सरकारी टाळं, म्हणजे शटडाऊन, अकादमी पुन्हा बंद. 2020 ची महासाथ, पुन्हा बंद. 2013 ते 2023 या काळात एफएएने स्वतःच्याच मोजणीनुसार हव्या असलेल्या नियंत्रकांपैकी जेमतेम दोन तृतीयांश भरले, असं तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2025 च्या अहवालात नोंदलं आहे. पूर्ण पात्र नियंत्रकांची संख्या 10,800 च्या आसपास घुटमळत राहिली आणि अनेक केंद्रांत लोक आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-दहा तास काम करू लागले. अकादमीत दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे तिघांत एक तिथेच गळतो. पुढे नेमलेल्या केंद्रात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आणखी एक ते तीन वर्षं.

29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 माणसं गेली. त्या अपघाताची मुळं हेलिकॉप्टरच्या मार्गाच्या आखणीपासून अनेक ठिकाणी पसरली होती. सगळा दोष मनुष्यबळाच्या तुटवड्यावर टाकणं चुकीचं होईल. पण त्या रात्री टॉवरमध्ये दोन जागांची कामं एकत्र करून एकच नियंत्रक सांभाळत होता, हे कळल्यावर तुटवड्याची बातमी पहिल्या पानावर आली.

सीटीआयमध्ये खरा बदल त्याच्या काही महिने आधी सुरू झाला होता. 2024 मध्ये एफएएने 'एन्हान्स्ड' म्हणजे वाढीव सीटीआयची योजना आणली आणि ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठ आणि टल्सा कम्युनिटी कॉलेज यांना पहिली मान्यता दिली. 2025 मध्ये मूळ पाचांतलं नॉर्थ डकोटाही त्यात आलं. या महाविद्यालयांत अकादमीचाच अभ्यासक्रम, तशीच सामग्री आणि एफएएच्या देखरेखीखालच्या परीक्षा. उत्तीर्ण झाल्यावर, निवड चाचणी, वैद्यकीय आणि सुरक्षा तपासणी पार पडली की उमेदवार ओक्लाहोमा सिटीला न जाता थेट नेमलेल्या केंद्रात. म्हणजे मिनेसोटात नव्वदीत जे घडत होतं ते पुन्हा, यावेळी मोठ्या प्रमाणावर. मला यात मनापासून आशा वाटते. निदान या महाविद्यालयांत पाच आठवड्यांच्या सवलतीसाठी चार वर्षं मागणं थांबलं आहे.

एक गोष्ट अजून तशीच आहे. निवड चाचणी आणि वैद्यकीय तपासणी शिक्षणाच्या शेवटाकडेच येतात. रंगांधळेपणामुळे, जुन्या औषधोपचारांमुळे किंवा चाचणीतल्या गुणांमुळे बाद होणारा विद्यार्थी तोवर हजारो डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन बसलेला असतो. ही दोन्ही कामं पहिल्या वर्षीच उरकायला हवीत, दुसऱ्या वर्षाची फी भरण्याआधी, आणि तेव्हा मिळालेले गुण त्याची एकतिशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही रद्द करता येऊ नयेत, असं कायद्यात लिहायला हवं.