वेगाची घडण (भाग ९) : चौकट नसलेली मोटरसायकल

गेल्या आठवड्यात चार सिलिंडरच्या इंजिनाबद्दल लिहिताना एक प्रश्न बाजूला ठेवला होता. चार सिलिंडरचं इंजिन जास्त फेरे घेतं, जास्त ताकद देतं, मग शर्यतीसाठी दोन सिलिंडरची गाडी बांधायच्या भानगडीत कुणी पडावं कशाला? आज त्याचं उत्तर शोधू, आणि त्यासाठी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात एका माणसाने घरामागच्या गॅरेजात बांधलेली गाडी सुटी करून पाहू. माणूस जॉन ब्रिटन, गाडी ब्रिटन व्ही१०००. दोन सिलिंडरच्या गाडीची जेवढी म्हणून दुखणी आहेत, तेवढ्यांना या एका गाडीत उत्तर सापडतं. म्हणून ती निवडली.

आधी फायदे. दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’सारखे एकामागे एक बसवले की इंजिनाची रुंदी एका सिलिंडरपेक्षा थोडीच जास्त होते. अरुंद गाडी हवा कमी अडवते आणि वळणावर खोल झोपवता येते. क्रँक आखूड असतो, त्यामुळे गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकायला स्वाराला कमी जोर लावावा लागतो. दुसरी गोष्ट ठोक्यांची. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात ठोके सारख्या अंतराने पडतात. व्ही ट्विनमध्ये दोन ठोके जवळ येतात आणि मग मोठी विश्रांती असते. तेवढ्या विश्रांतीत मागच्या टायरला रस्ता पुन्हा पकडायला सवड मिळते, असं अनेक स्वार छातीठोकपणे सांगतात. इंजिनिअर मंडळींमध्ये यावर वाद आहे. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल किती उघडायचा याचा अंदाज अशा गाडीवर सहज येतो, याबद्दल मात्र फारसं दुमत आढळत नाही.

तिसरं कारण नियमांचं. १९८८ साली सुपरबाइकची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा चार सिलिंडरना ७५० सीसीची मर्यादा होती आणि दोन सिलिंडरना १००० सीसीची मुभा. वजनातही ट्विनला सवलत होती. शिवाय अमेरिकेत डेटोनाला फक्त ट्विन गाड्यांची वेगळी शर्यत व्हायची. म्हणजे ट्विन बांधणाऱ्याला उतरायला मैदान तयार होतं.

आता दुखणी. व्ही ट्विनच्या दोन सिलिंडरांमध्ये ९० अंशांचा कोन ठेवला, की पिस्टनच्या खालीवर होण्याने येणारे मुख्य हादरे क्रँकवरच्या वजनाने जवळजवळ पूर्ण निघून जातात. डुकाटीने हाच कोन धरून ठेवला. पण ९० अंश ठेवले की पुढचा सिलिंडर जवळपास आडवा होऊन पुढच्या चाकाच्या दिशेने पसरतो. इंजिन लांबतं. चाकाला जागा द्यायची तर सगळं इंजिन मागे सरकवावं लागतं, आणि मग पुढच्या चाकावरचा भार घटतो. वळणातून निघताना थ्रॉटल उघडला की पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी ठरलेली रेघ सोडून बाहेर जाऊ लागते. कोन कमी केला तर इंजिन आखूड होऊन पुढे सरकवता येतं, पण हादरे वाढतात. ट्विन बांधणाऱ्याचा पहिला निर्णय हाच असतो, आणि तो एकदा घेतला की पुढचं सगळं त्यावरून ठरत जातं. ब्रिटनने ६० अंश घेतले.

हा माणूस कुठल्या कारखान्यात वाढलेला नव्हता. १९५० साली क्राइस्टचर्चमध्ये जन्म. डिस्लेक्सियामुळे लिहिणं-वाचणं जड जायचं. तरी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, काही काळ हाताने काचेचे दिवे बनवले, मग घरच्या जमीन-इमारतींच्या धंद्यात आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याने पहिल्या रेसिंग गाड्या बांधल्या, त्या दुसऱ्याचं इंजिन घेऊन. ते इंजिन वारंवार दगा देऊ लागलं, तेव्हा इंजिनही आपणच करायचं असं त्याने ठरवलं. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या निर्णयात आहे. तयार इंजिन घेतलं की त्याच्याभोवती चौकट बांधावी लागते. इंजिन स्वतःचं असेल तर चौकटीचं कामही त्याच्याकडूनच करून घेता येतं.

व्ही१००० ला रूढ अर्थाची चौकट नाही. इंजिनाचे ओतीव भाग इतके भक्कम केले की मागचा स्विंगआर्म थेट इंजिनालाच लागतो. वर कार्बन फायबर आणि केव्हलारची एक हलकी तुळई सिलिंडर हेडना बोल्टने बसते; पुढच्या चाकाची यंत्रणा आणि मागची सीट तिच्यावर बेतलेली. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं सगळं वजन वाचलं. गाडी भरली १३८ किलो.

पण इंजिनालाच चौकट केलं की जागेचा प्रश्न आणखी अवघड होतो. पुढच्या चाकामागे रेडिएटर बसवायची पद्धत आहे. तसा बसवला तर इंजिन पुन्हा मागे ढकलावं लागणार, म्हणजे ६० अंश घेऊन मिळवलेलं सगळं गेलं. ब्रिटनने रेडिएटर सीटखाली नेला. गाडीच्या नाकातून हवा आत घ्यायची, बंद नळीतून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि शेपटीखालून बाहेर सोडायची. मग सीटखालचा शॉक ॲब्सॉर्बर कुठे जाणार? तो इंजिनाच्या पुढे आला, आणि मागच्या स्विंगआर्मशी त्याला लांब दांड्याने जोडलं. यात एक फायदा आपोआप झाला. मागच्या सिलिंडरच्या सायलेन्सर पाइपाजवळ शॉकमधलं तेल तापून पातळ होतं आणि शर्यतीच्या शेवटी गाडी डोलायला लागते. पुढे वाऱ्यावर असलेला शॉक थंड राहतो. एकेक भाग असा दुसऱ्याच्या अडचणीतून आपल्या जागी गेला आहे. गाडीची आखणी कशी वाचायची हे शिकायचं असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही.

घडवण्याची पद्धतही बघण्यासारखी. बाहेरच्या फेअरिंगचा आकार त्याने कागदावर काढून दिला नाही. गाडीभोवती तार वाकवायची, गरम गोंदाच्या बंदुकीने जोड चिकटवायचे, लांब जाऊन बघायचं, पुन्हा येऊन एखादी तार थोडी आत दाबायची. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा कागद लावण्याआधी दिसतो तशी ती गाडी अनेक दिवस उभी होती. रेषा मनासारख्या झाल्यावरच त्यावरून साचे काढले. इंजिनाचं ॲल्युमिनियमचं ओतकाम असंच हाताशी असलेल्या साधनांवर निभावलं; भागांना उष्णता देऊन कणखर करण्यासाठी चक्क मातीची भांडी भाजायची भट्टी वापरली. कोल्हापूर-सांगलीकडच्या फौंड्रीत काम केलेल्यांना यातली जोखीम वेगळी सांगायला नको. ओतीव भागाच्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहिला, की मशिनिंगवर घातलेला सगळा वेळ पाण्यात. चाकंसुद्धा कार्बन फायबरची, तिथेच बनवलेली.

आत काय होतं तेही बघू. सिलिंडरचा व्यास ९८.९ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला फक्त ६५. दोन्ही मिळून ९९९ सीसी. व्यास मोठा ठेवला की हेडमध्ये मोठ्या व्हॉल्व्हना जागा होते आणि इंजिनाला जास्त हवा घेता येते; पल्ला आखूड ठेवला की जास्त फेऱ्यांना पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. हिशेब करून पाहा. ११,८०० फेऱ्यांना या गाडीत पिस्टनची सरासरी गती सेकंदाला साडेपंचवीस मीटरच्या पुढे जाते, आणि तो सेकंदात ३९३ वेळा थांबून दिशा बदलतो. प्रत्येक वेळी त्याला थांबवायचं काम कनेक्टिंग रॉडचं. म्हणून रॉड टायटॅनियमचे, व्हॉल्व्हही टायटॅनियमचे. ताकद १६६ हॉर्सपॉवर.

तुलनेला आपल्या रस्त्यांवरची रॉयल एनफिल्डची ६५० ट्विन घ्या. ६४८ सीसी, साधारण ४७ हॉर्सपॉवर, वजन दोनशे किलोच्या वर. तिच्यात सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत, पण क्रँकवरच्या पिना २७० अंशांवर ठेवल्यामुळे ठोक्यांची लय ९० अंशांच्या व्ही ट्विनसारखी पडते. ती रोज वापरायची, सोसणारी गाडी आहे आणि तिच्या जागी उत्तम आहे. ब्रिटनच्या गाडीत मात्र दर किलोमागे पाचपटीहून जास्त ताकद होती. ‘शर्यतीसाठी’ या शब्दाचा अर्थ या आकड्यात आहे.

पुढचं चाक हा या गाडीचा सर्वांत धाडसी भाग. नेहमीच्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये चाकाला दिशा देणं, खड्डे पचवणं आणि ब्रेकचा जोर सोसणं ही तिन्ही कामं त्याच दोन नळ्या करतात. जोरात ब्रेक मारला की फोर्क खाली बसतो, गाडीचं नाक झुकतं, आणि खड्डे पचवायला लागणारा पल्ला नेमक्या त्याच वेळी संपतो. ब्रिटनने नॉर्मन हॉसॅक यांच्या कल्पनेच्या अंगाने जाणारी रचना केली: कार्बन फायबरचा ताठ गर्डर चाकाला धरतो, तो वर-खाली दोन त्रिकोणी हातांवर झुलतो, आणि स्प्रिंगचं काम वेगळा शॉक करतो. या हातांचे जोड कुठे ठेवायचे यावरून ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जावं हे ठरवता येतं. खरं तर नाक अजिबात खाली न जाणंही चालत नाही. पुढचं टायर किती दाबलं गेलंय याची खबर स्वाराला त्या झुकण्यातूनच मिळते. म्हणून थोडं झुकू द्यायचं, पण पल्ला राखून.

गाडी बांधून झाली म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सेटिंगचं, आणि त्यात घाईला जागा नाही. सुरुवात टायरच्या हवेपासून. हवा चुकीची असेल तर पुढचं प्रत्येक माप खोटं येतं. मग स्वाराने पूर्ण सूट, बूट, हेल्मेट घालून बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची आणि दुसऱ्याने टेप लावून सस्पेन्शन किती खाली बसलं ते मोजायचं. पुढे साधारण तीस मिलिमीटर ही रेसिंगची सुरुवातीची खूण. जास्त बसलं तर स्प्रिंगवरचा ताण वाढवायचा. ताण वाढवूनही जमेना तर स्प्रिंगच बदलायची. त्यानंतर डॅम्पिंग. दाबलेली गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. उड्या मारत राहिली तर रिबाउंड कमी आहे, आणि वर यायला वेळ लावत असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत ती खाली खाली बसत जाईल. पुढे चेन स्प्रॉकेट: त्या ट्रॅकवरच्या सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक मारायच्या जरासं आधी इंजिन कमाल फेऱ्यांना पोचावं असे दात निवडायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले आणि वेळ सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळायला मार्ग उरत नाही.

इंजिनाचं सेटिंग कार्बोरेटरच्या काळात जेट बदलून व्हायचं. ब्रिटनने प्रोग्रॅम करता येणारं फ्युएल इंजेक्शन घेतलं. थ्रॉटल किती उघडा आहे आणि इंजिन किती फेऱ्यांवर आहे, या दोहोंच्या तक्त्यात प्रत्येक घराला पेट्रोलचं प्रमाण ठरवून द्यायचं. तक्त्यातली पूर्ण थ्रॉटलची घरं डायनामोमीटरवर लवकर जमतात. खरा कस लागतो जेमतेम उघडलेल्या थ्रॉटलला, कारण वळणाच्या मध्यावर झोपलेल्या गाडीला स्वार पहिल्यांदा रेस देतो ती तिथेच. तिथे इंजिनाने झटका दिला तर मागचं टायर सुटतं.

आणि तांत्रिक तपासणीला जाण्याआधी एक कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम: ऑइलच्या ड्रेन बोल्टसारख्या बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोकं पाडून त्यातून तार ओवायची आणि पीळ घालून अशी बांधायची, की बोल्ट सैल होऊ पाहील तर तार त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. ट्रॅकवर तेलाचा ओघळ पडला तर मागून येणाऱ्या पाचजणांच्या जिवावर बेततं.

१९९२ च्या मार्चमध्ये ही गाडी डेटोनाच्या ट्रॅकवर उतरली. तिथली वळणं ३१ अंशांपर्यंत उतरती आहेत. त्या भिंतीवर पूर्ण वेगात टायर आणि सस्पेन्शन अक्षरशः चिरडले जातात. शर्यतीच्या तोंडावर सिलिंडरच्या स्लीव्हला भेग सापडली, तेव्हा वेल्डिंग करून इंजिन पुन्हा जोडलं गेलं. अँड्रयू स्ट्राउड स्वार होता. कारखान्याच्या बळावर धावणाऱ्या डुकाटीला त्याने गाठलं, मागे टाकलं, वळणांतून पुढचं चाक उचलत तो निघत होता. शर्यत हातात आली असताना गाडी बंद पडली. दगा इंजिनाने दिला नाही, सस्पेन्शननेही नाही; बिघाड विजेच्या यंत्रणेत होता. घरी बांधलेल्या रेसिंग गाड्या अशाच मरतात. ज्या भागांवर जीव ओतलेला असतो ते टिकतात, आणि विकत आणून बसवलेला एखादा साधा भाग सगळं थांबवतो.

दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, स्ट्राउडने डेटोनाची तीच शर्यत ब्रिटनवर जिंकली. त्याआधी १९९३ मध्ये १००० सीसी वर्गातले वेगाचे जागतिक विक्रम या गाडीच्या नावावर झाले होते. तिने ताशी ३०० किलोमीटरची हद्द ओलांडली होती. त्याच १९९४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटीच्या सरावात मार्क फार्मर हा स्वार ब्रिटन चालवताना मृत्यू पावला, हेही या गाडीच्या इतिहासात लिहिलंच पाहिजे. सप्टेंबर १९९५ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने जॉन ब्रिटन गेला, वयाच्या ४५ व्या वर्षी. एकूण दहा गाड्या बांधल्या गेल्या. त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

पुढच्या चाकाच्या त्या रचनेचं मात्र विचित्र झालं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने हॉसॅकच्याच कल्पनेवर आधारलेली यंत्रणा रस्त्यावरच्या के१२००एसला दिली, पण ग्रां प्रीच्या ट्रॅकवर आजही सगळ्या गाड्या टेलिस्कोपिक फोर्कवरच धावतात. माझ्या मते त्याला एकच कारण आहे: प्रत्येक मोठा स्वार लहानपणापासून त्या दोन नळ्यांतून टायरची भाषा ऐकायला शिकलेला असतो. ते कसं, आणि त्या नळ्यांच्या आत तेल नेमकं काय करतं, हे पुढच्या आठवड्यात फोर्क खोलून पाहू.