छापून आले म्हणजे खरे?

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस द्यायची असल्याने शाळा हे तिचे मोठे केंद्र होते. अशा वेळी पालकांची शंका आधी शिक्षकांपाशी येते : "सर, ही लस धोक्याची तर नाही ना?" शिक्षक काही डॉक्टर नव्हे. मग त्याने उत्तर शोधावे कोठे?

त्यासाठी आपण एका जुन्या ग्रंथालयाची ओळख करून घेऊ. अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय १८३६ साली लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीतील लहानशा पुस्तकसंग्रहातून सुरू झाले. तेथील जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही सूची काढली. वैद्यकीय नियतकालिकांत कोणत्या विषयावर कोणता लेख आला, हे तीत पाहता येई. १९६४ साली हे काम संगणकावर गेले. १९६५ च्या एका कायद्याने विभागीय वैद्यकीय ग्रंथालयांना मदत मिळू लागली आणि माहिती गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत नेण्याचे जाळे उभे राहिले. १९७१ पासून दूरच्या ग्रंथालयांनाही टेलिफोनच्या तारेवरून सूची पाहता येऊ लागली. पण शोध घेण्याचे काम मुख्यतः प्रशिक्षित ग्रंथपालच करीत. १९९७ मध्ये 'पबमेड' या नावाने ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

एवढ्या ढिगातून नेमका लेख सापडतो कसा? एकाच आजाराला कोणी 'हार्ट अटॅक' म्हणतो, तर कोणी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. म्हणून ग्रंथालयाने १९६० साली ठरावीक विषयशब्दांचा कोश केला. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेख एकाच ठरलेल्या शब्दाखाली नोंदला जातो. शोधण्याचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः योग्य शब्दाने प्रश्न विचारण्याचे शिक्षण.

पण लेख सापडला म्हणजे सत्य सापडले असे नव्हे. १९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात वेकफील्ड व सहकाऱ्यांचा एक लेख आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असावा, असे त्यात सुचवले होते. अभ्यास होता अवघ्या १२ मुलांचा. पुढे २००२ मध्ये डेन्मार्कमधील ५ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा धोका वाढलेला आढळला नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. त्याची नोंद मात्र पबमेडमध्ये आजही आहे, 'मागे घेतलेला लेख' या शेऱ्यासह! सूची काय छापले गेले ते सांगते. ते खरे की खोटे, याचा निवाडा करीत नाही. शेरा न वाचता केवळ शीर्षक पुढे पाठवणारा माणूस दिशाभूल करतो, ती अशी.

सामान्य वाचकासाठी याच ग्रंथालयाने १९९८ साली 'मेडलाइनप्लस' सुरू केले. तेथे आजार, औषधे व तपासण्या यांची माहिती सोप्या इंग्रजीत मिळते. माहिती कशी पारखावी याचा छोटा पाठही तेथे आहे. त्यातील प्रश्न आपल्या वर्गातही उपयोगी पडतील. ही माहिती कोण देतो? त्यासाठी पैसा कोणाचा, आणि काही विकायचे आहे का? पुरावा कोणता, किती जणांवरचा? माहिती शेवटी केव्हा तपासली?

आरोग्याविषयी मोबाइलवर आलेला एखादा संदेश फळ्यावर लिहावा आणि मुलांना हे चार प्रश्न त्याला विचारू द्यावेत. कित्येक संदेश पहिल्याच प्रश्नाला अडखळतात, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. रोगाचे निदान आणि उपचार हे डॉक्टरांचेच काम. पण त्यांच्याकडे जाताना नेमका प्रश्न घेऊन जावा, एवढे तर शाळा शिकवू शकते.